नांगर, धूळ आणि गहू

मी शेतकीच्या शाळेत शिकलेला नाही. माझे आयुष्य कामगारांच्या चाळींत आणि कारखान्यांच्या फाटकांवर गेले. पण फाटकाशी काम मागायला उभा राहणारा माणूस पुष्कळदा जमिनीवरून उठलेला असतो. तो का उठतो, हे समजून घ्यायला अमेरिकेतील गव्हाच्या मैदानांची हकीकत उपयोगी पडेल.

पश्चिम कॅन्सस, पूर्व कोलोरॅडो या भागांत पाऊस थोडा. म्हणून पुष्कळ शेतकरी एका वर्षी गहू घेत आणि पुढे वर्षभर जमीन पड ठेवीत. दोन वर्षांच्या पावसावर एक पीक. पडीच्या काळात वरचा थर भुसभुशीत धुळीसारखा ठेवावा, म्हणजे खालची ओल उडत नाही, असे हार्डी कॅम्पबेल सांगत. विचार अगदीच खोटा नव्हता. पण पावसाचे थेंब धुळीवर आपटले की वर पापुद्रा धरतो आणि पाणी मुरण्याऐवजी वाहून जाते. शिवाय प्रत्येक पाळीला ओली माती उघडी पडून वाळते. पडीतल्या पावसाचा जेमतेम पाचवा हिस्सा जमिनीत टिके.

पहिल्या महायुद्धात गव्हाचा भाव चढला आणि कुरणे नांगराखाली आली. पुढे भाव कोसळले, तेव्हा कर्ज फेडण्यासाठी आणखी जमीन नांगरली गेली. १९३१ पासून अवर्षण पडले आणि मोकळी माती वाऱ्यावर निघाली. १४ एप्रिल १९३५ रोजी भरदिवसा काळोख झाला. हजारो कुटुंबे कॅलिफोर्नियाच्या मळ्यांत मजुरीला गेली. त्याच महिन्यात मृदसंधारणाचा कायदा झाला.

उपाय साधाच होता. धसकटे आणि काड जाळू नये, गाडूही नये. कॅनडातील चार्ल्स नोबल यांनी रुंद पात्याचे अवजार केले. ते मातीखालून आडवे जाऊन तणाची मुळे कापते आणि काड वरच राहते. आपल्या कुळवाची फास अशीच चालते. काड पावसाचा मार झेलते, वारा अडवते, हिवाळ्यात बर्फ धरते. पुढे तणनाशके आली, नांगरट टळली, आणि टिकणारी ओल सुमारे दोन पंचमांशांवर गेली.

मात्र आपल्याकडे काडावर गुरे जगतात आणि तणनाशकाला रोख पैसा लागतो. म्हणून चाऱ्याची आणि स्वस्त कर्जाची सोय आधी केली पाहिजे. नुसत्या उपदेशाने माती झाकली जात नाही.