काच शाबूत, पापुद्रा बाद

१९८० च्या दशकात तयार झालेला एखादा डिजिटल मल्टिमीटर, म्हणजे व्होल्टेज, विद्युतप्रवाह आणि रोध मोजून त्यांचा आकडा दाखवणारे उपकरण, ‘डिस्प्ले गेला’ एवढ्या शेऱ्यावर जेव्हा मोडीत निघते, तेव्हा त्याच्या आतले मोजमाप पुष्कळदा पूर्वीइतकेच चोख चाललेले असते. रोधकांचे जाळे, संदर्भ व्होल्टेज देणारा भाग आणि त्या व्होल्टेजचे अंकांत रूपांतर करणारी चिप ही मंडळी आपापले काम करत असतात. त्यांनी काढलेला आकडा तेवढा बाहेर पोचत नाही. ‘डिस्प्ले गेला’ या दोन शब्दांत मात्र किमान तीन वेगवेगळे आजार दडलेले असतात आणि त्यांची गंमत अशी, की दिसायला सर्वांत भयंकर असलेला आजार बहुधा बरा होतो, तर कोपऱ्यातला नखाएवढा, निरुपद्रवी वाटणारा डाग असाध्य निघतो. हा भेद ओळखता येणे हीच या दुरुस्तीतली खरी विद्या असून पुढचा सारा भाग हलक्या हाताचा आणि सवडीचा आहे.

असा डिस्प्ले स्वतः उजेड देत नाही. समोरून पडलेल्या उजेडाला वाट द्यायची की अडवायचे, एवढेच तो ठरवतो. त्यासाठी जेमतेम मिलिमीटरभर जाडीच्या दोन काचा एकमेकींपासून काही मायक्रॉन अंतरावर (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) ठेवून कडांनी इपॉक्सीने बंद केलेल्या असतात आणि मधल्या फटीत द्रवस्फटिक भरलेला असतो. द्रवस्फटिक हा द्रवासारखा वाहतो, पण त्याचे लांबोडके रेणू स्फटिकातल्यासारखे एका दिशेने ओळ धरून राहतात. वरच्या काचेच्या आतला थर एका दिशेने आणि खालच्या काचेवरचा थर तिच्याशी काटकोनात घासलेला असल्यामुळे रेणूंची ही ओळ वरून खाली येताना गोल जिन्याच्या पायऱ्यांसारखी पाव फेरा घेते आणि तिच्यातून जाणारा प्रकाशही ९० अंशांनी वळतो. दोन्ही काचांच्या बाहेरच्या अंगाला पोलरायझर, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश आरपार सोडणारे पटल, चिकटवलेले असते आणि मागच्या पोलरायझरच्या पाठीला रुपेरी परावर्तक असतो. व्होल्टेज नसताना वळलेला प्रकाश मागचा पोलरायझर ओलांडून परावर्तकावर आपटतो, आल्या वाटेने परत येतो आणि पडदा करडा-उजळ दिसतो. व्होल्टेज लागले की रेणू उभे राहतात, पीळ सुटतो, न वळलेला प्रकाश मागच्या पोलरायझरमध्ये अडकतो आणि तेवढी रेघ काळी होते. मार्टिन शाट आणि वोल्फगांग हेलफ्रिश यांनी ही पिळाची रचना १९७० मध्ये स्वित्झर्लंडमधील हॉफमन-ला रोश या औषध कंपनीत असताना मांडली. तिला टिकाऊ पदार्थ मिळाला तो इंग्लंडमधील हल विद्यापीठात, जॉर्ज ग्रे यांच्या गटाने १९७३ मध्ये पुढे आणलेल्या सायनोबायफिनिल संयुगांमुळे. त्यांतले ५सीबी हे संयुग २४ ते ३५ अंश सेल्सिअस एवढ्याच टापूत द्रवस्फटिक राहते. परंतु त्याच कुळातील इतर संयुगे त्यात मिसळली की हा टापू रुंदावतो, आणि मीटरमध्ये भरलेले असते ते असे मिश्रण.

हे मिश्रण आणि ती काच चिवट असते. आधी दगा देतो तो बाहेरचा पापुद्रा. पोलरायझरचा गाभा म्हणजे ताणून लांबवलेली आणि आयोडीन मुरवलेली पॉलिव्हिनाइल अल्कोहोलची फिल्म. ही रीत अमेरिकेतील एडविन लँड यांनी १९३८ मध्ये बसवली. गाभा नाजूक असल्याने त्याला दोन्ही बाजूंनी सेल्युलोज ट्रायअॅसिटेटचे अस्तर देतात, आणि खोडी त्या अस्तराची आहे. उष्णता आणि दमटपणा यांमुळे ट्रायअॅसिटेटमधून अॅसेटिक आम्ल सुटू लागते, सुटलेले आम्लच पुढच्या विघटनाला चालना देते आणि एकदा सुरू झालेली क्रिया स्वतःच स्वतःला वेग देत राहते. पटल आधी पिवळसर, मग तपकिरी होते, त्याला सुरकुत्या आणि फोड येतात, आणि मीटरची पुढची चौकट काढताच लोणच्यातल्या व्हिनेगरचा आंबट वास नाकात शिरतो.

चित्रपटांच्या रिळांना हाच रोग होतो आणि अभिलेखागारांत तो ‘व्हिनेगर सिंड्रोम’ या नावाने ओळखला जातो. ज्वालाग्राही नायट्रेट फिल्मला सुरक्षित पर्याय म्हणून १९४८ मध्ये ट्रायअॅसिटेटची फिल्म आली आणि दहा वर्षांच्या आत ती सडत असल्याची पहिली तक्रार कोडॅक कंपनीकडे गेली ती भारत सरकारकडून, कारण इथली रिळे उकाड्यात आणि दमट हवेत ठेवलेली होती. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला रिळांसाठी थंड, कोरड्या कोठ्या राखाव्या लागतात त्या याच कारणाने. मुंबईच्या किंवा कोकणातल्या कपाटात चाळीस पावसाळे काढलेल्या मीटरच्या नशिबी अशी कोठी नसते.

पोलरायझर खराब झाला की सगळा पडदा काळवंडतो किंवा त्यावर ढगाळ डाग येतात आणि पाहणारा मीटरवरची आशा सोडतो. खरे भय बाळगावे ते कडेपासून किंवा मिश्रण भरण्याचे जे बारीक तोंड डिंकासारख्या बुचाने बंद केलेले असते, तिथून निघणाऱ्या ठळक, गोलसर काठाच्या डागाचे. बोलीत त्याला ‘शाई सांडली’ म्हणतात, परंतु तिथे काहीच सांडलेले नसते. कडेचा जोड उसवून किंवा काचेला केसाएवढी चीर जाऊन त्या जागेचे मिश्रण निघून गेलेले आणि हवा शिरलेली असते. प्रकाशाला वळवणारे कोणी उरलेले नसल्याने तो मागच्या पोलरायझरमध्ये अडतो आणि नेमकी रिकामी जागाच काळीकुट्ट दिसते. यावर घरगुती उपाय नाही. त्याच प्रकारच्या, मोडीत निघालेल्या दुसऱ्या मीटरची काच मिळवणे एवढीच वाट उरते. दोहोंतला फरक बोटाने कळतो. ढगाळ डागाच्या कडेने नख फिरवले तर फुगलेला, तडकलेला पापुद्रा लागतो, तर शाईच्या डागावरचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो आणि काच किंचित तिरपी केली की डाग पृष्ठभागाखाली, दोन काचांच्या मध्ये आहे हे डोळ्याला उमगते.

उपकरण उघडण्यापूर्वी एक पथ्य पाळावे लागते. तारा काढून आणि सेल किंवा मेन्सची जोडणी सोडवून मगच स्क्रूंना हात लावायचा, हे कोणीही सांगेल. पण टेबलावर ठेवून वापरायच्या काही मीटरांत, उदाहरणार्थ ह्यूलेट-पॅकार्डच्या ३४७८ए या मॉडेलमध्ये, कॅलिब्रेशनचे, म्हणजे प्रमाण मूल्यांशी ताडून ठरवलेल्या दुरुस्त्यांचे, आकडे एका लिथियम बॅटरीच्या आधाराने स्मृतीत राहतात. पडदा दुरुस्त करण्याच्या भरात ती बॅटरी सुटली तर आकडा स्वच्छ दिसू लागतो आणि त्याच्यावरचा भरवसा जातो. असा सौदा कोणी जाणूनबुजून करणार नाही.

काच बाहेर काढल्यावर तिची कोणती बाजू वर होती याची खूण कागदावर करून ठेवतात आणि जुन्या पोलरायझरची दिशा नोंदवून घेतात. त्यासाठी पोलरॉइडचा गॉगल पुरतो. दिशा आधीच माहीत असलेली त्याची एक काच डिस्प्लेवर धरून फिरवली की ज्या कोनात अंधार सर्वांत गडद होतो, त्याच्याशी काटकोनात पटलाची दिशा असते. या काचांवर ती बहुधा कडेशी ४५ अंशांत असते. मग एका कोपऱ्याखाली ब्लेडचे पाते जवळजवळ आडवे सरकवून पापुद्रा सोडवायला घेतात. चांगल्या स्थितीतले पटल एका सलग ओढीत निघते; सडलेले पटल मात्र वाळलेल्या कांद्याच्या सालासारखे तुकड्यातुकड्यांनी येते आणि डिंक मागे सोडून जाते. हेअर ड्रायरची हलकी ऊब दिली तर डिंक नरमतो, पण त्या उबेत एक चमत्कारिक दृश्य दिसते: पटले अजून काही प्रमाणात शाबूत असतील, तर तापलेल्या जागी काळा ढग पसरत जातो आणि काच निवू लागताच आपोआप मागे सरतो. मिश्रण एका ठरावीक तापमानाच्या वर साधा द्रव होते, रेणूंची ओळ मोडते आणि थंड झाल्यावर ती पुन्हा बसते, एवढाच त्याचा अर्थ. ढग दिसला की ड्रायर बाजूला ठेवायचा, हे जाणत्याला सांगावे लागत नाही.

डिंक काढण्याचे काम कंटाळवाणे आहे आणि ते घाईने उरकण्याच्या मोहातच काचा फुटतात. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेला कापूस डिंकावर काही मिनिटे ठेवून तो मऊ झाल्यावर पुसणे, पुन्हा भिजवणे, पुन्हा पुसणे, असा हा क्रम असतो. अॅसिटोन डिंक झटकन काढतो, परंतु कडेच्या इपॉक्सीच्या जोडाला तो धोक्याचा असल्याने त्याच्या वाटेला न जाणेच शहाणपणाचे. काचेची जी एक कड दुसरीच्या बाहेर डोकावते, तिच्यावर इंडियम-टिन ऑक्साइडचे पारदर्शक विद्युतमार्ग असतात. ते डोळ्याला जवळजवळ दिसत नाहीत आणि ब्लेडच्या एका ओरखड्याने तुटतात.

दोन्ही पापुद्रे निघाले की हातात उरते ती खिडकीच्या तुकड्यासारखी निखळ काच. ती मीटरला जोडून मीटर चालू केला तरी आकडा दिसत नाही, रेणू आपले काम करत असूनही. हीच काच संगणकाच्या पांढऱ्या एलसीडी पडद्यासमोर धरून मधे गॉगलची एक काच घेतली, की आकडे हवेत उमटल्यासारखे दिसतात, कारण संगणकाच्या पडद्यातून येणारा प्रकाश आधीच ध्रुवीभूत, म्हणजे एका दिशेचा, झालेला असतो. नवे पटल कापण्यापूर्वी काच जिवंत आहे याची खातरजमा याहून स्वस्तात होत नाही.

नवे पटल मोबाइल दुरुस्तीच्या साहित्यात मिळते आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात ते मागताना रेषीय पोलरायझर असे स्पष्ट सांगावे लागते, कारण कॅमेऱ्याच्या फिल्टरसाठी वापरतात ते वर्तुळाकार पटल एका बाजूनेच उपयोगी पडते. विकत मिळणाऱ्या तावाची दिशा कडेला समांतर असेल तर तुकडा तिरका कापावा लागतो आणि निम्मा ताव वाया जातो. तुकडा चिकटवण्याआधी चालू डिस्प्लेवर नुसता ठेवून फिरवतात. एका कोनात करड्यावर काळे आकडे उमटतात. तिथून ९० अंश फिरवले तर काळ्यावर उजळ आकडे. कोनात चूक किती खपते याचे उत्तर फ्रेंच अभियंता एतिएन-लुई मालुस याने १८०९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या नियमात आहे: पार होणारा प्रकाश कोनाच्या कोसाइनच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. काटकोनातून ५ अंशांची चूक झाली तर काळ्या रेघेतून टक्क्याहूनही कमी प्रकाश गळतो, १० अंशांची झाली तर सुमारे ३ टक्के, आणि आकडा फिकट वाटू लागतो. मागच्या बाजूला परावर्तक म्हणून पांढरा कागद लावण्याची युक्ती करून पाहणारे असतात, पण कागद प्रकाशाची दिशा विस्कटून टाकतो, परतीच्या वाटेवर त्यातला जवळजवळ अर्धा मागच्या पोलरायझरमध्ये जिरतो आणि पडदा मळकट दिसतो. परावर्तक रुपेरी, पृष्ठभागाने खरबरीत आणि धातूचाच हवा.

जोडणीत शेवटची अडचण झेब्रा पट्टीची असते. वीजवाहक आणि विद्युतरोधक रबराचे पातळ थर आलटून पालटून रचलेली ही पट्टी काच आणि सर्किट बोर्ड यांच्यामध्ये दाबली जाते आणि केवळ दाबाच्या जोरावर जोडणी करते. तिच्यावर बोटाचे तेल लागले किंवा दाब एका बाजूला कमी पडला की एखादा सेगमेंट, म्हणजे आकड्याच्या सात रेघांपैकी एक, उमटत नाही, आणि हा दोष कोऱ्या पडद्याहून वाईट: मधली रेघ गेलेला ८ हा ० दिसतो, वरची उजवी गेलेला ६ आणि खालची डावी गेलेला ९. कोऱ्या पडद्यावर कोणी विश्वास ठेवत नाही, चुकीच्या आकड्यावर ठेवतात.

म्हणून मीटर बंद करण्यापूर्वी सगळ्या रेघा एकदम पेटवून पाहतात. त्या काळातील साडेतीन अंकी मीटरांत, म्हणजे ज्यांच्या डावीकडच्या पहिल्या अंकाच्या जागी फक्त १ उमटू शकतो अशा मीटरांत, आयसीएल ७१०६ ही चिप सर्रास असे आणि तिच्या ‘टेस्ट’ नावाच्या पायाला पुरवठ्याच्या धन टोकाशी जोडले की पडद्यावर १८८८ उमटतो. एरवी ही चिप सेगमेंटांना सतत उलटसुलट होणारे व्होल्टेज देते, सेकंदाला तीन वाचने घेत असताना ६० हर्ट्झचे, कारण एकाच दिशेच्या व्होल्टेजखाली द्रवस्फटिकाचे विद्युत-अपघटन होऊन तो कायमचा बिघडतो. चाचणीत मात्र हे उलटसुलट होणे थांबते आणि सेगमेंटांवर एकदिश व्होल्टेज बसते. १८८८ ची प्रत्येक रेघ नजरेखालून घालायला चार-पाच सेकंद लागतात. तेवढ्यात पाहून तार उचलायची असते.