विद्रावक आणि कार्बनी प्रदूषकांचे भूजलातील वहन

मृदेत शिरलेली कार्बनी प्रदूषके (उदा., कीटकनाशके, खनिज तेलातील संयुगे) किती खोल व किती वेगाने जातील, हे त्यांच्यासोबत असलेल्या विद्रावकावर (विरघळविणाऱ्या द्रवावर) मोठ्या प्रमाणात अवलंबून असते. चंद्रपूर व १९८२ साली त्यातून वेगळा झालेला गडचिरोली या वनप्रधान जिल्ह्यांत अनेक गावे पिण्याच्या पाण्यासाठी विहिरी व विंधन विहिरींवर विसंबून असल्याने तेथे या विषयाला व्यावहारिक महत्त्व आहे.

मृदेची धारणशक्ती : पाण्यात अत्यल्प विरघळणारी संयुगे मृदेतील ह्यूमसावर अधिशोषित होतात (पृष्ठभागावर धरली जातात). डीडीटी हे याचे ठळक उदाहरण होय. एक लिटर पाण्यात त्याचे काही मायक्रोग्रॅमच विरघळतात. १९५३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रमात ते घरांच्या भिंतींवर फवारीत. भुकटीच्या रूपात जमिनीवर पडलेले डीडीटी बहुतांशी वरच्या थरातच राहते. मात्र केरोसिनात ते सहज विरघळते आणि सांडलेल्या केरोसिनाबरोबर खालच्या थरांत उतरू शकते.

सहविद्रावक : अल्कोहॉल, ॲसिटोन इ. द्रव पाण्यात मिसळतात. त्यांचे प्रमाण वाढत गेले की, अशा संयुगांची विद्राव्यता झपाट्याने वाढते व अधिशोषण घटते. एखादे प्रदूषक मृदेत पाण्याच्या एक-पंचमांश वेगाने सरकत असेल आणि त्याचे अधिशोषण एक-चतुर्थांशावर आले, तर त्याचा वेग पाण्याच्या निम्मा होतो. सहविद्रावक एक-दोन टक्क्यांहून कमी असल्यास हा परिणाम सामान्यतः नगण्य असतो.

न मिसळणारे विद्रावक : पेट्रोल व केरोसीन भूजलाच्या पातळीवर तरंगतात. यंत्रभागांवरील ग्रीज काढण्यासाठी वापरले जाणारे ट्रायक्लोरोएथिलीन (घनता सु. १·४६) पाण्याखाली जाऊन अभेद्य थरावर साचते व वर्षानुवर्षे थोडेथोडे विरघळत राहते. काही द्रवरूप कीटकनाशकांत झायलिनासारखे विद्रावक असतात. शेतात फवारल्यावर ती विरल होतात. परंतु विहिरीच्या काठी सांडलेले मूळ संहत द्रव्य अधिक धोक्याचे ठरते.

भारतात पेट्रोलमधील एथॅनॉलाचे प्रमाण २०२५ साली सु. २० टक्क्यांवर पोहोचले. गळती झाल्यास एथॅनॉल भूजलात मिसळते. सूक्ष्मजंतू प्रथम त्याचेच अपघटन करतात व त्यात ऑक्सिजन खर्ची पडतो. परिणामी बेंझिनाचे अपघटन लांबते आणि ते अधिक दूर जाऊ शकते.

स्थानिक परिस्थिती : जंगलातील पालापाचोळ्यामुळे मृदेचा वरचा थर ह्यूमसयुक्त असतो, त्याखालील झिजलेल्या खडकात मात्र ह्यूमस अत्यल्प असतो. वर्धा खोऱ्यातील गोंडवनी वालुकाश्म सच्छिद्र आहेत, तर गडचिरोलीतील पट्टिताश्मांत पाणी मुख्यत्वे भेगांतून वाहते. त्यामुळे विद्रावकाच्या साहाय्याने वरचा थर ओलांडलेल्या प्रदूषकाला रोखणारे तेथे थोडेच उरते.

उपाय : दूषित मृदा अल्कोहॉलमिश्रित पाण्याने धुऊन ते पाणी उपसून काढण्याची पद्धत याच गुणधर्मावर आधारलेली आहे. उपसा अपुरा पडल्यास मात्र प्रदूषण पसरते. म्हणून विद्रावक व कीटकनाशके विहिरींपासून दूर साठविणे, फवारणीची साधने विहिरीच्या काठी न धुणे आणि जमिनीखालील टाक्यांची नियमित तपासणी करणे हेच उपाय अधिक श्रेयस्कर होत.