दक्षिण आकाशाची मोजदाद

दुर्बिणीचा आरसा काचेचा नव्हता. तांबं आणि कथील एकत्र ओतून घडवलेली ती धातूची जड चकती होती, व्यास सव्वाअठरा इंच. केपटाउनच्या दमट, दंव पडणाऱ्या रात्री अशा आरशाला मानवत नाहीत. त्याची चकाकी मंदावते, डाग धरतात, आणि अंधूक तेजोमेघ आधी दिसेनासे होतात. मग आरसा उतरवायचा, घट्ट डांबराच्या थरावर लोहाच्या ऑक्साइडची बारीक लाल भुकटी पाण्यात कालवून घासायचा आणि पुन्हा चढवायचा. घासताना बाक किंचित जरी बिघडला, तरी तारा टिंबासारखा न दिसता फिसकटतो. म्हणून सोबत तीन आरसे आणले होते. एक वडिलांनी घडवलेला, एक वडिलांच्या देखरेखीखाली केलेला आणि एक पूर्णपणे स्वतःचा.

हे काम जॉन हर्शेल स्वतः करत. 1813 साली केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत ते पहिले आले होते. चार्ल्स बॅबेज हे त्यांचे तिथले मित्र. पुढे काही काळ त्यांनी वकिलीचा अभ्यास केला, रसायनशास्त्रात रमले, आणि 1816 मध्ये स्लाउच्या घरी परतून वृद्ध वडिलांच्या हाताखाली आरसे घडवायला शिकले. वडील विल्यम हर्शेल म्हणजे 1781 मध्ये युरेनस शोधणारे. विल्यम आणि त्यांची बहीण कॅरोलाइन यांनी उत्तरेकडच्या आकाशातल्या सुमारे अडीच हजार तेजोमेघांची आणि तारकागुच्छांची यादी केली होती. जॉन यांनी ती पुन्हा तपासली आणि 1833 मध्ये सुधारून प्रसिद्ध केली. मात्र इंग्लंडच्या क्षितिजाखाली राहणारं दक्षिणेचं आकाश एवढ्या ताकदीच्या दुर्बिणीतून कोणीच पद्धतशीर पाहिलं नव्हतं.

नोव्हेंबर 1833 मध्ये पत्नी मार्गारेट, तीन लहान मुलं आणि पेट्यांत भरलेली दुर्बीण घेऊन ते पोर्ट्समथहून जहाजाने निघाले. 1827 पर्यंत मुंबईचे गव्हर्नर असलेल्या माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांचं नाव त्या जहाजाला दिलेलं होतं. सरकारी मदत हर्शेल यांनी नाकारली. खर्च स्वतःचा, म्हणजे कामाची दिशाही स्वतःची. जानेवारी 1834 मध्ये ते केपला उतरले आणि टेबल माउंटनच्या पूर्व बाजूला फेल्डहाउझेन नावाची वाडी घेऊन तिथल्या झाडीत त्यांनी दुर्बीण उभारली.

तिथल्या एका रात्रीचं काम कसं चाले? वीस फूट लांबीची नळी लाकडी सांगाड्यात दोरांनी आणि कप्प्यांनी टांगलेली. तिचं तोंड याम्योत्तर वृत्तावर रोखलेलं. आरसा तळाशी, किंचित कलता ठेवलेला. त्यामुळे प्रतिमा नळीच्या वरच्या तोंडाच्या काठाशी पडते. निरीक्षकाने शिडीने चढून तिथल्या फळीवर उभं राहायचं आणि आकाशाकडे पाठ करून नळीत पाहायचं. खाली जॉन स्टोन हा इंग्लंडहून बरोबर आलेला कारागीर नळी हळूहळू वर घ्यायचा, खाली सोडायचा. वरपासून खालपर्यंत सुमारे तीन अंशांचा पट्टा. पृथ्वीच्या फिरण्याने आकाश पुढे सरकत राहतं, नळी वरखाली होत राहते, आणि पट्ट्यातला प्रत्येक भाग डोळ्यांखालून जातो. तेजोमेघ दिसला की वेळ, ध्रुवापासूनचं अंतर, आकार, तेज आणि मधला भाग दाट की विरळ याची नोंद करायची. पुढच्या रात्री शेजारचा पट्टा. हा क्रम जानेवारी 1838 पर्यंत चालला.

याच दुर्बिणीतून त्यांनी ताऱ्यांची गणतीही केली. दृष्टिक्षेत्र चंद्राच्या व्यासाच्या जेमतेम निम्मं. आकाशात ठरावीक अंतरावर दुर्बीण रोखायची आणि त्या वर्तुळात दिसणारे तारे मोजायचे. अशी 2,299 वर्तुळं त्यांनी मोजली आणि एकूण तारे भरले 68,948. वर्तुळामागे सरासरी तीस. आकाशगंगेच्या पट्ट्यात आकडा झपाट्याने चढतो आणि तिच्यापासून दूर जावं तसा घसरतो. आपली दीर्घिका चपटी आहे, या विल्यम यांच्या अनुमानाला आता दक्षिणेचा आधार मिळाला.

सर्वांत चिकाटीचं काम मात्र नौकातल तारकासमूहातल्या मोठ्या तेजोमेघाच्या चित्राचं. नुसत्या नजरेने काढलेल्या चित्रावर हर्शेल यांचा विश्वास नव्हता. त्यांनी आधी त्या भागातल्या ताऱ्यांच्या जागा मोजून कागदावर बसवल्या, त्यांना जोडून त्रिकोणांचं जाळं आखलं, आणि मग एकेका त्रिकोणात तेजोमेघाचा जेवढा अंश दिसतो तेवढाच भरला. त्यासाठी हजाराहून अधिक ताऱ्यांची यादी करावी लागली. हे कागदावर कधी उतरेल की नाही, अशी निराशा काम करताना वारंवार दाटून येई, हे त्यांनी पुढे मोकळेपणाने लिहिलं. चित्र पुरं झालं. याच तेजोमेघातला ईटा हा तारा 16 डिसेंबर 1837 च्या रात्री त्यांना अचानक राजन्य ताऱ्यापेक्षा ठळक दिसला. जानेवारीच्या सुरुवातीला तो मित्र ताऱ्याच्या तोडीला आला आणि नंतर उतरू लागला. तो भाग आणि त्यातल्या ताऱ्यांची तेजस्विता त्यांच्या आधीपासून परिचयाची होती, म्हणूनच हा बदल त्याच रात्री लक्षात आला. ईटाच्या त्या महाउद्रेकाचा अभ्यास करणाऱ्यांना आजही हर्शेल यांच्या नोंदींकडे वळावं लागतं.

दिवसही रिकामे नव्हते. सूर्याची उष्णता मोजायला त्यांनी स्वतः बनवलेलं उपकरण होतं. ते काही वेळ उन्हात, काही वेळ सावलीत धरून त्यातला द्रव किती चढला ते नोंदवायचं. आतून काळी केलेली लाकडी पेटी काचेने झाकून, भोवती वाळू लोटून त्यांनी उन्हात ठेवली, तेव्हा आतलं तापमान पाण्याच्या उत्कलनबिंदूच्याही वर गेलं. त्या पेटीत अंडी, फळं आणि मांस शिजलं. दुपारी ते कॅमेरा ल्युसिडाच्या लोलकातून पाहत केपची रानफुलं कागदावर रेखत आणि मार्गारेट ती रंगवत. अशी शंभराहून अधिक चित्रं शिल्लक आहेत. जून 1836 मध्ये ‘बीगल’ हे जहाज केपला थांबलं, तेव्हा तरुण डार्विन त्यांना भेटायला आला. हर्शेल यांचं विज्ञानपद्धतीवरचं 1830 चं पुस्तक त्याने केंब्रिजमध्ये भारावून वाचलं होतं.

तिकडे न्यूयॉर्कच्या ‘सन’ या वृत्तपत्राने ऑगस्ट 1835 मध्ये हर्शेल यांना चंद्रावर पंख असलेली माणसं दिसल्याची रचलेली कथा हप्त्याहप्त्याने छापली. अनेकांनी ती खरी मानली. खऱ्या वहीत तेव्हा जोडताऱ्यांमधली अंतरं आणि कोन उतरत होते.

1838 मध्ये ते इंग्लंडला परतले. पुढचं काम टेबलावरचं. प्रत्येक निरीक्षणाची आकाशातली जागा गणिताने एकाच सालाशी, म्हणजे 1830 शी, जुळवून घ्यायची. हे सगळं त्यांनी एकट्याने केलं. ग्रंथ निघाला 1847 मध्ये. त्यात 1,707 तेजोमेघ आणि तारकागुच्छ आहेत, 2,102 जोडतारे आहेत.

मधल्या काळात त्यांचं लक्ष दुसरीकडेही गेलं होतं. जानेवारी 1839 मध्ये दागेर यांच्या छायाचित्रणाची बातमी कानावर आली आणि आठवड्याभरात हर्शेल यांनी स्वतः प्रकाशचित्र काढून ते पक्कं केलं. सोडियम थायोसल्फेटमध्ये चांदीचे क्षार विरघळतात, हे त्यांनी 1819 मध्येच नोंदवून ठेवलं होतं. प्रकाश न लागलेले क्षार या द्रावणात धुऊन निघाले की चित्र काळवंडत नाही. महाराष्ट्रातल्या फोटो स्टुडिओंच्या डार्करूममध्ये पिढ्यान्पिढ्या वापरलेला हायपो तो हाच. सप्टेंबर 1839 मध्ये त्यांनी वडिलांच्या चाळीस फुटी दुर्बिणीच्या सांगाड्याचं चित्र काचेवर घेतलं. 1842 मध्ये लोहाच्या क्षारांची निळी छपाई आली. कागदाला द्रावण फासायचं, अंधारात वाळवायचं, त्यावर पान ठेवून उन्हात धरायचं आणि साध्या पाण्यात धुवायचं. ऊन लागलं तिथे गर्द निळा रंग, पानाखाली पांढरी आकृती. ॲना ॲटकिन्स यांनी पुढच्याच वर्षी याच रीतीने समुद्रशेवाळांच्या चित्रांचं पुस्तक काढायला सुरुवात केली, आणि इमारतींच्या ब्लूप्रिंट पुढे अनेक दशकं याच निळ्यात निघाल्या.

1850 ते 1855 हर्शेल टांकसाळीचे प्रमुख होते. त्या कामाने प्रकृती खालावली, पण यादी सुटली नाही. 1864 मध्ये त्यांनी दोन्ही गोलार्धांतल्या 5,079 तेजोमेघांची आणि गुच्छांची एकत्र सूची प्रसिद्ध केली. 11 मे 1871 रोजी ते गेले. वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये न्यूटन यांच्या जवळ त्यांना पुरलं. केपला नेलेल्या तीन मुलांपैकी विल्यम जेम्स पुढे बंगालमध्ये अधिकारी झाला आणि 1858 मध्ये त्याने एका करारावर हाताचा ठसा घेतला. बोटांच्या ठशांवरून माणूस ओळखण्याच्या इतिहासात त्या कागदाचं स्थान पक्कं आहे.

1864 ची सूची वाढवून खगोलशास्त्रज्ञ ड्रायर यांनी 1888 मध्ये एनजीसी हा कॅटलॉग केला. आकाशनिरीक्षणाची हौस असलेले आपल्याकडचे लोक आजही तेच क्रमांक वापरतात. त्यातला एनजीसी 5139, म्हणजे नरतुरंगातला ओमेगा हा गोलाकार तारकागुच्छ, हर्शेल यांनी फेल्डहाउझेनहून पाहिला होता. इंग्लंडच्या क्षितिजावर तो येतच नाही. पुण्याहून मात्र दक्षिणेला सुमारे 24 अंश उंचीवर येतो. मेच्या अखेरीस रात्री साडेनऊ-दहाला, शहरी दिव्यांपासून दूर, दक्षिण क्षितिज मोकळं असलेल्या जागी जाऊन तो बायनॉक्युलरने जरूर पाहावा. आणि पाहिल्यावर तारीख, वेळ आणि आकाश किती स्वच्छ होतं, हे वहीत लिहून ठेवावं.