मानसशास्त्राचा पदवीधर आणि त्याची उपजीविका

मानसशास्त्र घेऊन बी. ए. झालेल्या मुलाला किंवा मुलीला दोन प्रश्न हटकून विचारले जातात. पहिला, "आमच्या मनांत काय आहे तें सांग पाहूं!" आणि दुसरा, "आतां पुढें काय?" पहिला थट्टेचा असल्यामुळें हंसून सोडून देतां येतो. दुसऱ्याला मात्र उत्तर द्यावेंच लागतें. आणि तें वेळेवर न सुचल्यामुळें कित्येक घरांत पैसा व उमेदीचीं वर्षें वायां जातात.

या घोटाळ्याचें मूळ पदवीच्या स्वरूपांतच आहे. वैद्यकाची पदवी विद्यार्थ्याला व्यवसायाच्या घरांत नेऊन बसविते. मानसशास्त्राची पदवी त्याला अंगणापर्यंतच पोंचविते. वर्तनाचें शिस्तशीर निरीक्षण, प्रयोगाची मांडणी, मानसिक कसोट्यांचा परिचय व थोडें संख्याशास्त्र एवढी शिदोरी तीन-चार वर्षांत त्याच्या पदरीं पडते. ती लहान नव्हे. पण तेवढ्यानें दुसऱ्याच्या मनोव्यथेवर उपचार करण्याचा अधिकार प्राप्त होत नाहीं.

हा अधिकार ज्यास हवा असेल, त्यानें आधीं दोन व्यवसायांतील भेद ध्यानीं घ्यावा. मनोविकारतज्ज्ञ हा मुळांत डॉक्टर असतो व औषधयोजना हें त्याचें काम. चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ औषध देत नाहीं. तो कसोट्यांनीं परीक्षा करतो आणि संभाषणाच्या शास्त्रीय पद्धतींनीं उपचार करतो. या दुसऱ्या व्यवसायाचें शिक्षण बंगलोरच्या अखिल भारतीय मनःस्वास्थ्य संस्थेंत १९५५ सालीं सुरू झालें. तीच संस्था आज 'निमहान्स' म्हणून ओळखली जाते. १९९२ च्या भारतीय पुनर्वास परिषद कायद्यान्वयें परिषदेच्या नोंदवहींत नांव असल्यावांचून हा व्यवसाय करणारास एक वर्षापर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्हीही शिक्षा होऊं शकतात. नोंदणीची रूढ वाट म्हणजे एम. ए. नंतरचा दोन वर्षांचा एम. फिल. अभ्यासक्रम. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनीं ही पदवी बंद केली. या विषयापुरती तिला २०२५-२६ च्या सत्रापर्यंत मुदत मिळाली. तेव्हां कोणत्याही संस्थेंत शुल्क भरण्यापूर्वीं तिचा अभ्यासक्रम परिषदेच्या मान्य यादींत आहे कीं नाहीं, हें स्वतः पाहणें हाच शहाणपणा. चार दिवसांच्या वर्गाचें सुबक प्रमाणपत्र भिंतीवर शोभतें, पण त्यानें नोंदवहींत नांव चढत नाहीं. शिवाय अर्धशिक्षित समुपदेशकाची चूक त्याला नव्हे, तर विश्वासानें समोर येऊन बसलेल्या दुःखी माणसाला भोंवते.

उपचार हाच एक मार्ग आहे असें मात्र नाहीं. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाशीं संलग्न असलेल्या शाळांना समुपदेशक लागतो. कारखाने व कंपन्या यांना माणसें निवडण्यासाठीं, शिकविण्यासाठीं व ग्राहकांची आवड अजमावण्यासाठीं ही विद्या उपयोगी पडते. सैन्याच्या अधिकारीनिवडींत उमेदवाराला चित्र दाखवून गोष्ट लिहावयास लावतात, शब्द दाखवून सुचेल तें वाक्य टिपावयास सांगतात. या शास्त्रीय निवडीचा आरंभ १९४३ सालीं डेहराडून येथील प्रायोगिक मंडळापासून झाला. ठाण्याची मानसिक आरोग्य संस्था १९९० पासून, व 'टेलि-मानस' ही १४४१६ क्रमांकाची सरकारी दूरध्वनिसेवा २०२२ पासून लोकांच्या मदतीस आहे. अशा कार्यामुळें हें क्षेत्र सामान्य घरांच्या परिचयाचें झालें आहे. अध्यापन व संशोधन हा मार्ग तर आहेच, त्यासाठीं एम. ए. व नेट परीक्षा यांची तयारी ठेवावी लागते.

यांपैकीं कोणता मार्ग धरावा, हें निकालाच्या दिवशीं नव्हे, तर दुसऱ्या वर्षापासून ठरवूं लागावें. सुटींतील दोन महिने एखाद्या शाळेंत, रुग्णालयांत किंवा कचेरींत पडेल तें काम करून पाहिलें, म्हणजे आपला पिंड कशाचा आहे तें कळतें. रोज दहा जणांचीं दुःखें ऐकून रात्रीं ज्याला झोंप लागत नाहीं, त्यानें आंकड्यांच्या संशोधनाकडे वळण्यांत कमीपणा नाहीं. संख्याशास्त्राला भिणाऱ्यानें ती भीति वेळींच घालवावी. कारण शाळा असो वा कारखाना, त्याच्यावांचून गत्यंतर नाहीं.

आणखी एक तयारी पुष्कळदां विसरली जाते. पुस्तकें इंग्रजी असतात, पण दुःख मातृभाषेंत बोलतें. "जीव लागत नाहीं", "डोकें जड होतें", "छातींत धडधडतें" असें सांगणाऱ्या बाईच्या बोलण्यांतून खिन्नता कोणती व शारीरिक व्याधीची शंका कोणती, हें ओळखावयास मराठी कानानें ऐकावें लागतें.

आईबापांनींही एक हिशेब आधींच मांडावा. वकील किंवा इंजिनियर यांच्याप्रमाणें या विद्येंतही स्थिर मिळकतीला काळ लागतो. पदवीनंतर आणखी चार-पांच वर्षांचा खर्च व धीर यांची तरतूद असली, तर मुलाला घाईनें मिळेल तें प्रमाणपत्र घ्यावें लागत नाहीं. दुसऱ्याचें मन सांवरण्याचें काम ज्याच्या हातीं जावयाचें, त्याला स्वतःची वाट शांतपणें निवडतां यावी, एवढी सोय घरानें केलीच पाहिजे.