हात लावायला वेळ लागतो

पोळ्या, डबे, नळाचं पाणी, मुलांची शाळा आणि मग नोकरी! दिवसभर धावूनही ‘मनासारखं काही झालंच नाही’ ही आपली रोजची तक्रार. मग जिथं समोर रोग्यांची रांग आणि मनात संस्थेचं मोठं ध्येय, तिथल्या परिचारिकेनं काय करावं?

अमरावती जिल्ह्यात, अचलपूर-परतवाड्याजवळ कोठारा इथं लेप्रसी मिशनचं रुग्णालय आहे. पलीकडे मेळघाटचे डोंगर. वेलस्ली बेली यांनी अंबाल्याला शिक्षक असताना कुष्ठरोग्यांचे हाल पाहिले आणि 1874 साली आयर्लंडमध्ये ही ख्रिस्ती संस्था सुरू झाली. येशूनं कुष्ठरोग्याला हात लावून बरं केलं, ही बायबलातली गोष्ट तिच्या कामामागं आहे. जवळचेही ज्याला दूर बसवतात, त्याला हात लावायचा. हे काम काही घाईनं होत नाही, बरं का!

मुळात हा रोगच सावकाश चालणारा. जंतू शिरल्यावर लक्षणं दिसायला कित्येक वर्षं जातात. गोळ्या 6 किंवा 12 महिने घ्याव्या लागतात. त्यानं रोग बरा होतो, पण बधिर झालेले हातपाय पुष्कळदा तसेच राहतात. दुखतच नाही, म्हणून बाई तापलेलं पातेलं तसंच उचलते, पायात काटा घेऊन शेतात वावरते. बोटं झडतात ती जंतूंमुळे नव्हे, तर अशा न कळलेल्या जखमांमुळे, हे वेल्लोरच्या डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिलं.

यावरचा उपाय अगदी घरगुती. पाय साध्या पाण्यात वीसेक मिनिटं भिजवायचे, जाड झालेली कातडी हलकेच घासायची, ओलसर असतानाच तेल लावायचं आणि तळवा नीट तपासायचा. हे रोज. वीस मिनिटांची पाच केली, तर कातडी मऊ होत नाही. आणि त्याच वीस मिनिटांत ‘दाखव माय पाय’ म्हणून जवळ बसलं, की अकोटकडून आलेली बाई हळूहळू बोलू लागते. सासरी कळलं तर काय, ही तिची खरी जखम. 2019 पर्यंत कुष्ठरोग हे कायद्यानं घटस्फोटाचं कारण होतं. आता ते काढलं गेलंय. पण हे तिला सांगायला कुणीतरी निवांत बसलं पाहिजे ना?

म्हणजे ध्येय आणि रांग यांचं भांडण नाहीच. समोरची एक बाई, तिचे दोन पाय, हेच आजचं ध्येय. दुसरी गोष्ट म्हणजे, सगळं आपणच करायचं नाही. तिला स्वतःचे पाय जपायला शिकवलं, की ती पुन्हा जखम घेऊन येत नाही. रांग कमी होते ती अशी. भराभर हात चालवून नव्हे.

आपल्या घरातही हे लागू नाही का? मुलीला एकदा शांतपणे कणीक मळायला शिकवा, पुढची कितीतरी धावपळ वाचेल.

जाता जाता एक सांगते. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असेल आणि तिथं स्पर्श कळत नसेल, तर लपवू नका. सरकारी दवाखान्यात औषध मोफत मिळतं. बाकी सगळं सावकाश करा. पण तिथं जाण्यात मात्र दिरंगाई नको!