कळांच्या वेळी सोबत कोण?

सातारा-सांगलीकडे पहिलं बाळंतपण माहेरी, हा रिवाज अजून टिकून आहे. कळा सुरू झाल्या की आई, मावशी, थोरली वहिनी भोवती असतात. प्रसूतिकक्षाचं दार आलं की मात्र बऱ्याचदा सगळ्या बाहेर राहतात आणि पोरगी आत एकटी.

या एकटेपणाचा परिणाम शास्त्रज्ञांनी मोजला आहे. मार्शल क्लाउस, जॉन केनेल आणि सहकाऱ्यांनी ग्वाटेमालातल्या पहिलटकरणींचा अभ्यास १९८० साली प्रसिद्ध केला. गुंतागुंत न झालेल्यांपैकी जिच्यासोबत एक अनोळखी पण मायाळू बाई सतत होती, ती दाखल झाल्यापासून सरासरी ८.८ तासांत बाळंत झाली. सोबत नव्हती तिला १९.३ तास लागले. अभ्यास छोटा होता. पुढे २०१७ च्या कॉक्रेन आढाव्यात २६ चाचण्यांतल्या पंधरा हजारांहून अधिक बायकांची माहिती तपासली, तेव्हा वेळेतला फरक जेमतेम पाऊण तासावर आला. पण सिझेरियनची शक्यता सुमारे पाव हिश्श्याने घटलेली दिसली, आणि महाराष्ट्रात २०१९-२१ च्या कुटुंब आरोग्य पाहणीत दर चौथं बाळंतपण सिझेरियनने झालेलं असताना ही गोष्ट लहान नाही.

भीतीने अ‍ॅड्रेनलिन वाढतं आणि कळांचा जोर ओसरू शकतो. बाळंतपणात अशी सतत सोबत करून ही भीती घालवणारी बाई म्हणजे ‘डूला’. ती कंबर चोळते, चालवते, घोटभर पाणी पाजते, डॉक्टर काय म्हणाले ते सोप्या भाषेत सांगते. बाळ आलं की पहिला चीक पाजायला मदत करते, पुढे घरी येऊन आईची झोप, जेवण, मन सांभाळते. नाळ कापणं, तपासणं ही कामं तिची नव्हेत. सुईणीहून ती इथेच वेगळी.

सरकारी दवाखान्यांत नात्यातल्या बाईला आत थांबू द्यावं, अशी सूचना केंद्राने २०१६ मध्येच दिली. शहरात पैसे मोजून डूलाही मिळते. माझ्या डोळ्यांसमोर येतात त्या कृष्णाकाठच्या कारखान्यांवर बीडकडून ऊसतोडीला आलेल्या गरोदर बाया. माहेर दूर, सासू गावाकडे, नवरा फडात. कोपीतून दवाखान्यात जाताना त्यांचा हात धरणारं कोण? दर टोळीत चार बाळंतपणं पाहिलेली एखादी बाई असतेच. गळीत हंगाम सुरू होतानाच तिला थोडं प्रशिक्षण द्यावं, बाळंतिणीसोबत थांबेल त्या दिवसाची मजुरी कारखान्याने भरावी आणि प्रसूतिकक्षाचं दार तिच्यासाठी उघडं ठेवावं.