मूत्रपिंडांची साक्ष

तंजावरचे सरफोजीराजे (१७७७–१८३२) यांनी आपल्या धन्वंतरी महालात आयुर्वेद, सिद्ध, युनानी व पाश्चात्य अशी चारही वैद्यके एकत्र आणली. नेत्ररोग्यांची टिपणे व त्यांच्या डोळ्यांची रंगीत चित्रे तयार करविली. ती सरस्वती महाल ग्रंथालयात जतन झाली आहेत. रोग्याच्या अवस्थेची नोंद ठेवण्याची हीच शिस्त आजच्या एका अवघड उपचारात जीवनमरणाची ठरते.

हृदय व फुप्फुसे निकामी होऊ लागली, की ‘एक्मो’ या यंत्राचा आधार घेतात. जाड नळीने शिरेतील रक्त बाहेर आणून पंपाने ते कृत्रिम फुप्फुसातून नेतात आणि प्राणवायू मिसळून पुन्हा शरीरात सोडतात. जॉन गिबन यांनी १९५३ साली फिलाडेल्फियात याच तत्त्वावरील यंत्र हृदयशस्त्रक्रियेत यशस्वी केले, तेव्हा काम एका शस्त्रक्रियेपुरतेच होते. एक्मो मात्र कित्येक दिवस, कधी आठवडेही चालते. त्या काळात निम्म्याहून अधिक प्रौढ रोग्यांच्या मूत्रपिंडांना इजा झालेली आढळते.

दोन्ही मूत्रपिंडे मिळून शरीराच्या वजनाच्या अर्धा टक्काही भरत नाहीत. पण हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा सुमारे पाचवा हिस्सा त्यांच्याकडे जातो. साहजिकच रक्तदाब खचला की त्यांना झळ लवकर पोहोचते. पुष्कळदा ही इजा यंत्र जोडण्यापूर्वीच झालेली असते; सारा दोष यंत्राच्या माथी मारणे न्याय्य नव्हे. तथापि यंत्रही अगदी निर्दोष नाही. पंपाच्या फिरण्याने काही तांबड्या पेशी फुटतात, त्यांतील हिमोग्लोबिन मोकळे होऊन मूत्रपिंडांच्या सूक्ष्म नलिकांना बाधते, आणि मूत्र कोऱ्या चहासारखे काळपट दिसू लागते.

म्हणून परिचारिका दर तासाला मूत्र मोजते. साठ किलो वजनाच्या रोग्याचे मूत्र सलग सहा तास, तासाला ३० मिलिलिटरहून कमी भरले, तर तो धोक्याचा इशारा होय. रक्तातील क्रिएटिनिन वाढलेले दिसण्यास बहुधा एखाददुसरा दिवस लागतो. तोवर ही नोंदच वैद्याचा आधार. मग मूत्रपिंडांना अपायकारक औषधे थांबवितात, पंपाची गती व रक्तदाब पाहतात, अंगात पाणी साचले आहे काय हे तपासतात. एवढ्याने न भागल्यास एक्मोच्या नळ्यांनाच गाळणी जोडून अहोरात्र, संथ गतीने रक्त शुद्ध करतात. असा रोगी झपाट्याने केलेले डायलिसिस सोसू शकत नाही.

वाचलेल्यांपैकी पुष्कळांची मूत्रपिंडे पुन्हा काम करू लागतात. काहींची शक्ती मात्र उणीच राहते. म्हणून घरी परतल्यावरही कित्येक महिने रक्त व मूत्र तपासून घ्यावे लागते.